ओला चमचा

आमच्या अहमदपुरात वरच्या खोलीतला भाडेकरू घरीच बिअर करतो. बरणीच्या झाकणातून काढलेल्या नळीचं टोक पाण्यात सोडलंय. तिथं बुडबुडे यून राहिले का, ते वाकून बघतो. भांडी उकळून घेतो. बरणीजवळ गेलं की म्हणतो, "काका, हात नका लावू, नासंल." येडाच हाय, म्हणायचो मी.

परवा तो खाली आला तेव्हा मी जेवत होतो. बायकोच्या हातचं लोणचं आता थोडंच उरलंय. मी ओला चमचा त्यात घालणार, तर त्यानं मनगटच धरलं.

"अहो काका! बुरशी आणता का त्याला?"

चमचा उकळून, कोरडा करून त्यानंच एक फोड वाढली.

ती गेल्यापासून या घरात माझ्यावर कुणी वरडलं नव्हतं.