मुद्देमाल म्हणून जमा केलेली वर्दी

ती घटना मनातून जात नाही. नियमाच्या दृष्टीने मी त्यात कुठेही चुकलो नव्हतो, हेच त्याचं कारण असावं.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना तेरजवळच्या खेड्यातली एक म्हातारी मुलाचा हात धरून आली. तिचा नवरा युद्धात गेलेला. देह गावाला आला नाही, पत्र्याच्या पेटीतून त्याची वर्दी तेवढी आली होती. त्या वर्दीचा सदरा चोरीला गेला होता.

"दागिना न्हाय, पैका न्हाय, साहेब. आमच्यात मेल्यालं माणूस बसवून पुरत्यात. म्या मेल्यावर त्यो सदरा मांडीवर ठिवून मला मातीत बसवायचं, आसं लेकाला सांगितलंय. त्येंना गावची माती मिळाली न्हाय. आता माझं बी लई दिस न्हाईत."

खूण विचारली. तिसरं बटण तिने स्वतः लाल दोऱ्याने लावलं होतं. मी चोरीचा गुन्हा नोंदवला.

घराचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, सामान जागेवर. सवयीप्रमाणे फळीवरची भांडी मोजली, एकवीस भरली. वीसांवर नाव कोरलेलं, एका नव्या डब्यावर नाही.

"हा डबा कुठला?" मी सुनेला विचारलं.

"माहेरचा."

"तुमच्या माहेरी नाव न घालताच भांडी देतात होय?"

ती रडायला लागली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई दारावर आली होती. डब्यासाठी एक कपडा कमी पडत होता, म्हणून सुनेने पेटी उघडली. "जुना मळका सदरा वाटला, साहेब. सासूबाईंनी हंबरडा फोडला, तवा तोंड उघडायची छाती झाली न्हाय."

भांडीवालीला ठाण्यात बोलावलं. ती कसली घाबरते! "कापड घेतलं, डबा दिला. चोरी कुठली यात? तुमच्या बाईसाहेबांनी बी खाकी पँट चाळणीवर दिली मला. तवा न्हाय आलाव पकडाया!" हवालदार मान खाली घालून हसला. घरी जाऊन विचारलं, तर खरं होतं.

सदरा भांडीवालीने तुळजापूरच्या एका लॉजमालकाला विकला होता. युद्धकाळातल्या वस्तू जमवायचा त्याला नाद. फौजी कपडा दिसला की आधी मला दाखव, असं त्याने तिला बजावलंच होतं. त्याच्या काचेच्या कपाटांत जवानांच्या वर्द्या, शिरस्त्राणं, मदत पथकातल्या परिचारिकांचे डगले, दंडावरच्या पट्ट्या होत्या. लाल दोऱ्याचं बटण तिथे सापडलं.

पोलीस बघून त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. म्हातारीला माझ्यातर्फे देऊन टाका. मला पावतीसुद्धा नको."

मी म्हणालो, "गुन्हा दाखल आहे. हातोहात देता येत नाही."

जप्ती पंचनामा केला, लाखेचं सील लावलं, चिठ्ठीवर सही केली, सदरा मुद्देमाल खोलीत ठेवला. म्हातारीला ताब्यासाठी कोर्टात अर्ज करायला सांगितलं. तेवढ्यात लॉजमालकाला वकील भेटला आणि त्याची भीती गेली. चोरी झालीच नाही, वस्तू आपण विकत घेतली, अशी हरकत त्याने घेतली. दोन तारखा पुढे गेल्या.

तिसऱ्या तारखेच्या आत म्हातारी गेली. मुलगा सकाळीच ठाण्यात आला. "साहेब, तयारी झालीय. सदरा तेवढा द्या."

सदरा वीस पावलांवर होता. किल्ली माझ्या टेबलात होती. "आदेशाशिवाय देता येत नाही," मी म्हणालो. तो भांडला नाही. "व्हय," म्हणाला आणि गेला. म्हातारीला सदऱ्याशिवाय मातीत बसवलं.

तपासात चोरी नव्हतीच, फिर्याद गैरसमजातून दिली होती. तसा अहवाल मीच पाठवला. ज्याच्याकडून जप्त केला त्याला सदरा परत द्यावा, मालकीचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात जावं, असा आदेश झाला. मुलगा पुढे गेला नाही. कशासाठी जाणार होता?

पुढे बंदोबस्ताला तुळजापूरला गेलो, तेव्हा लॉजमालकाने आग्रहाने कपाट दाखवलं. सदऱ्याशेजारी माझ्या सहीची चिठ्ठी लावली होती. "खऱ्या वस्तूचा याहून मोठा पुरावा कुठला?" तो म्हणाला. "लोक आधी हेच बघतात."

नोकरीत मी बरेच नियम मोडणारे पाहिले आणि त्यांना नावं ठेवली. त्या दिवशी किल्ली दिली असती, तर फार तर माझी चौकशी लागली असती. एवढं सोसायची माझी तयारी नव्हती, आणि त्याला मी इतकी वर्षं शिस्त म्हणत आलो.