चढापलीकडं

जळक्या रबराचा वास आला की रेस ट्रॅकवरची ती फेरी आठवते. रेसिंगच्या संघात निवड व्हायची ती माझी शेवटची संधी होती. "चढापलीकडं दिसत न्हाई, तरी ॲक्सिलरेटरवर पाय दाबूनच ठेव," असं माझी गाडी तयार करणाऱ्या नांदेडच्या मिस्त्री चाचांनी बजावलं होतं. चढ आला आणि मला भूकंपाची सकाळ दिसली. तेव्हा मी जखमींनी भरलेली जीप लातूरला नेताना चढापलीकडं माणसं रस्त्यातच बसलेली, हात जोडून, "आमचं बी लेकरू घ्या" म्हणत. जागा नव्हती. ट्रॅकवर माझा पाय आपोआप उचलला गेला, फेरी वाया गेली. चाचा रडकुंडीला येऊन ओरडले, "पाय कामून काढला रे? पुढं कोण बसलं होतं तुझं?" आता मी क्लासच्या पोरांना जीपनं लातूरला सोडतो. चढाला पाय अजून उचलतो.