रत्नाताईंची हजेरी

आमच्या दुकानात चुकलेल्या झेरॉक्सचा एक गठ्ठा आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण फेकवतही नाही, आणि बघता बघता तो टेबलाएवढा होतो. आमच्या ब्लॉगवाल्या मंडळींचे किस्से असेच साठलेत. तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहितो.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ मी मराठी टायपिंग करतो. बोलताना अडखळतो. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की 'हजर' घशात अडकायचं, सर पुढच्या नावावर जायचे आणि मी पहिल्या बाकावर बसून गैरहजर! आठवीत शाळाच सोडली. टायपिंगला आवाज लागत नाही.

*

एका दुपारी पांढरी काठी टेकत रत्नाताई दुकानात आल्या. माहेर उरणजवळच्या मोऱ्याचं, कोळ्यांच्या घरातलं. लहानपणीच दृष्टी गेलेली.

"कोन हाय का?"

मी समोरच होतो, पण 'आहे' काही निघेना. ताई जायला वळल्या. मी घाबरून टेबल वाजवलं.

"मानूस हाय का उंदीर?"

"मा... मा..."

त्यांनी चाचपून स्टूल ओढलं आणि बसल्या. "बोल सावकाश. मना घाई नाय."

आल्या होत्या एक अर्ज टाइप करून घ्यायला. अर्ज झाला, मग गप्पा झाल्या. तेव्हा ब्लॉगचं नवीन वेड होतं. ताई सांगायला लागल्या, मी टाइप करायला लागलो. झाला ब्लॉग!

लिहिलेलं मी वाचून दाखवू शकत नव्हतो, म्हणून कॉम्प्युटरचं बोलणारं सॉफ्टवेअर लावलं. त्यातली बाई मराठी असं काही वाचायची की ताई म्हणाल्या, "ही बाजारात बसली तर हिचा एक बोंबील खपनार नाय!"

*

ब्लॉग वाचून दोघं जण आले. रोडपालीचे सलीमभाई आधी टेम्पो चालवायचे. अपघातानंतर व्हीलचेअरवर असतात. निखिल तापात बहिरा झालेला. तो ओठ बघून ओळखतो आणि बोलतो ते फार मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्याला कळत नाही.

पहिल्या भेटीची जागा ताईंनी ठरवली. आम्ही पोचलो तर पहिला मजला, लिफ्ट नाही! खालून सलीमभाई ओरडले, "या अल्लाह! ताई, मी काय उडत येऊ?"

"अरे, जिना किती सरल हाय! कठडा पन हाय!"

शेवटी भेट जिन्यातच झाली. ताई वरच्या पायरीवर, सलीमभाई खाली आणि आम्ही दोघं मधे. मी उठून खुर्ची शोधायला लागलो, तर सलीमभाई म्हणाले, "माझ्यासाठी नको बाबा, मी घरून आणतो!" त्यावरूनच ब्लॉगला नवं नाव दिलं, 'आपापली खुर्ची'.

*

कोणी म्हणेल, अपंगांना अपंगांचं दुःख कळतं. कसलं काय!

पुढच्या भेटीचा पत्ता सलीमभाईंनी सांगितला. ताईंना म्हणाले, "हिरव्या दाराच्या समोर या." ताई म्हणाल्या, "हिरवा म्हंजे कसा लागतो हाताला?" वर हेच सलीमभाई निखिलवर चिडलेले. "किती फोन केले याला! उचलत नाही. लई मिजास आहे पोराला!"

*

सलीमभाईंनी एकदा ब्लॉगवर टेम्पोच्या दिवसांतली गंमत लिहिली. कर्नाळ्याच्या रस्त्यावर माकडाने त्यांची डब्यातली चपाती पळवली होती, तीही भाजी लावून! दुसऱ्या दिवशी एका वाचकाची कॉमेंट आली, 'आपला संघर्ष वाचून डोळ्यांत पाणी आलं.'

सलीमभाईंनी तीनतीनदा वाचली. "संघर्ष? अरे, तो तर माकडाने केला!"

*

एकदा दुकानात भेट रंगात आली होती आणि लाइट गेली. गुडूप अंधार. आम्ही सगळे चाचपडतोय आणि ताई आरामात बोलतायत. तेवढ्यात निखिल ओरडला,

"थांबा! कोणी बोलू नका! लाइट गेली, मला ऐकू येत नाहीये!"

*

आमच्या भेटीची सुरुवात ताई हजेरीने करतात. कोण कोण आलंय, ते त्यांना कळायला नको? सलीमभाई "हाजिर" म्हणतात, निखिल "हजर" म्हणून खिडक्या हलवतो आणि मी टेबल वाजवतो.

ब्लॉगला वर्ष झालं तेव्हा आम्ही वाचकांना बोलावून कार्यक्रम ठेवला. हॉल तळमजल्यावर, दाराशी फळीचा उतार आणि स्टेजवर भरपूर दिवे. सलीमभाईंनी पत्ता लिहिला होता, 'भज्यांचा वास आला की डावीकडे वळा.' आम्ही शिकलो होतो!

आदल्या दिवशी मी ताईंसाठी एक ओळ टाइप केली आणि कॉम्प्युटरच्या बाईला वाचायला लावली. 'उद्या मी टेबल वाजवणार नाही.'

ताई एवढंच म्हणाल्या, "बरं."

हॉल भरला. मागच्या रांगेत माझे आईबाबा बसले होते. ताईंनी माइक घेतला.

"सलीम?"

"हाजिर!"

"निखिल?"

"हजर!" माइकची गरजच पडली नाही.

"दिनेश?"

मी स्टेजवरच्या टेबलामागे उभा राहिलो. तोंड उघडलं. नेहमीच्या ठिकाणी, नेहमीसारखं अडकलं. पंख्याची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती. हात टेबलाकडे निघाला, तो मी खिशात कोंबला.

प्रमुख पाहुण्यांना माझी दया आली. "आहेत, आहेत, हजर आहेत ते! पुढचं नाव घ्या."

ताईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "साहेब, तुमाला नाय इचारलं. मना घाई नाय."

मी आईकडे बघितलं नाही. जबडा हलला, ओठ हलले, सगळा शब्द तोंडात तयार झाला. फक्त आवाज येईना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून निखिल उठला आणि अख्ख्या हॉलवर खेकसला,

"अहो, तो कधीचा 'हजर' म्हणतोय! कोणालाच कसं ऐकू येत नाही?"