चपला हातात घेणारा

सापगावच्या पुढे, धरणाच्या कामासाठी कधीकाळी टाकलेली छोटी रेल्वेलाइन आहे. रूळ उपटून रस्ता करायचा की वारसा म्हणून ठेवायचे, हे ठरवायला ग्रामसभा रुळांवरच भरली. जेसीबी तयारच उभा होता. तरणी पोरं रस्त्यासाठी ओरडत होती, मी वारशासाठी.

त्या गर्दीत एक म्हातारा होता. नाव कधी विचारलं नाही, पण रोज दिसायचा. रुळापाशी आला की डोक्यावरचा पेंढ्याचा भारा सांभाळत वाकायचा, चपला हातात घ्यायचा आणि लाइन ओलांडून पुन्हा घालायचा. मी त्यालाच पुढे ओढलं.

"बघा, हे बाबा या लाइनला देव मानतात!"

 म्हाताऱ्याने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"देव कसला? लाइनचं काम करताना माझा आजा या भरावाखाली गाडला गेला. कोनी काढलाच नाय. त्याच्या अंगावर चप्पल नको."

"मग लाइन ठेवायची ना, बाबा?"

"ठेवा नायतर उपटा. पन जो हात लावंल त्याला सांगा, पायातलं काढून ये."

तो माझ्या पायांकडे बघत होता. मी बुटांसकट रुळावर उभा होतो.