उत्तरेकडची सोपी नोकरी

माझ्यामुळे एका माणसाचं कायमचं नुकसान झालं, आणि मी ते जाणूनबुजून केलं. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना माझी बाजू पटायला लागेल, जशी ती मलाही बरीच वर्षं पटत होती.

त्याने मला एवढंच विचारलं होतं, की उत्तरेकडच्या तेलविहिरींवरची नोकरी कशी असते. मी म्हणालो, सोपी असते.

सिंगापूरला येण्याआधी मी कॅनडाच्या अगदी उत्तरेला, तेलविहिरींच्या एका कॅम्पवर कामाला होतो. करार दोन वर्षांचा होता. मी नऊ आठवडे टिकलो. दिवसाला चार-पाच तास कसाबसा उजेड. गाड्यांची इंजिनं बंद करायची नाहीत, केली तर पुन्हा चालू होतील याची खात्री नाही. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत जायचं, दाब दाखवणारे प्रेशर गेज वाचायचे, बिघडलेला असेल तो बदलायचा. ऐकायला हे काम हलकं वाटतं. पण गेजचा लहान नट जाड हातमोज्यात धरता येत नाही. मोजा काढावा लागतो, आणि उणे अडतीसमध्ये उघड्या बोटांना लोखंड लागलं की चटका बसावा तसं होतं. नवव्या आठवड्यात मी बाथरूमचं दार लावून रडलो आणि पाठदुखीचं कारण सांगून परत आलो.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. घरी सांगितलं की प्रोजेक्ट लवकर संपलं. आपल्यातला माणूस बाहेरून परत येतो तेव्हा 'मला झेपलं नाही' असं म्हणत नाही. तिथलं जेवण कसं होतं, पगार किती होता हेच सांगतो. मी तर त्यात पटाईत झालो. सिंगापुरातल्या मराठी घरांत जेवायला गेलो की माझा एक ठरलेला कार्यक्रमच असायचा. "एकवीस दिवस काम, एकवीस दिवस सुट्टी. जेवण फुकट, राहणं फुकट. काम म्हणजे काय, काटे बघायचे आणि वहीत लिहायचे." दोन वर्षं काढली, असंही मी सांगत असे. लग्न नंतर झालं, त्यामुळे बायकोलाही तेच माहीत होतं.

ज्याच्याबद्दल हे लिहितोय तो सिंगापुरात पाया लेबार भागातल्या ऑफिसात माझा वरिष्ठ होता. तेलाच्या टाक्या आणि पाइपलाइन तपासून अहवाल द्यायचे, असं आमच्या कंपनीचं काम. ऑफिसातला एसी इतका कडक की सगळ्यांच्या खुर्च्यांवर जॅकेटं टांगलेली असत. त्याला त्या एसीचा फारच त्रास व्हायचा. त्याची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी पडत. मग तो खालून आणलेल्या कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, ग्लासाभोवती दोन्ही हात धरून बसायचा आणि म्हणायचा, "माझी बोटं संपावर गेली रे. तूच टाइप कर." मी टाइप करायचो. अहवाल वर जाताना त्यावर नाव त्याचं असायचं.

पुढे कंपनीने माणसं कमी केली. आमच्या टीममधून एक नाव द्यायचं होतं, त्याने माझं दिलं. वरच्या साहेबाने मला निरोप देताना कारणही सांगून टाकलं, "तुझा मॅनेजर म्हणतो तू स्लो आहेस." दोघांचे अहवाल मीच टाइप करत होतो, म्हणून स्लो. नोकरीबरोबर माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाही गेला. बायको बँकेत होती, तिच्या पासवर मी डिपेंडंट म्हणून राहिलो. आठ महिने मुलीचा डबा भरला आणि अर्ज पाठवले.

एवढं कदाचित मी विसरलोही असतो. पण गणपती आले.

त्याच्या बिशानच्या फ्लॅटवर दरवर्षी गणपतीला पंधरा-वीस जण जमायचे, आणि तिथले उकडीचे मोदक तो स्वतः करायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही. गरम उकडीत त्याच्या बोटांना काही होत नसे. ती अशी चालत की बायकासुद्धा गप्प उभ्या राहून बघायच्या. "एकवीस कळ्या. मोजून घ्या," असं म्हणत तो एकेक मोदक पुढे करायचा. त्या वर्षी मी दारात दिसलो तसा तो ताट घेऊन पुढे आला.

"या, या, पासजावई!"

कुणाला कळलं नाही, म्हणून त्याने समजावून सांगितलं. "सासऱ्याच्या घरी राहतो तो घरजावई. बायकोच्या पासवर राहतो तो पासजावई. दोन मोदक जास्त घे रे, तुला आता वेळच वेळ आहे."

सगळे हसले. मीही हसलो. बायको हसली नाही.

घरी जाताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मुलीने विचारलं, "पप्पा, व्हॉट इज पासजावई आह? एव्हरीवन लाफ लेह."

मी म्हणालो, मोदकाचाच एक प्रकार असतो.

त्या दिवसापासून मी त्याचा हिशेब चुकता करायची वाट बघत होतो. मला दुसरी नोकरी लागली, आम्हाला पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, मुलगी माध्यमिक शाळेत गेली, तरी ती वाट संपली नाही. रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सायकल चालवताना मी मनात त्याला उत्तरं द्यायचो. एका फेरीत त्याची नोकरी घालवायचो, दुसऱ्या फेरीत तो माझ्याकडे अर्ज घेऊन यायचा. घामाघूम होऊन परतायचो तेव्हा बायको म्हणायची, "सायकलिंग मानवतंय हो तुम्हाला."

आणि एक दिवस त्याची नोकरी खरोखर गेली. वय पन्नाशीकडे झुकलेलं, मुलगी पॉलिटेक्निकला, पास रद्द व्हायला महिनाभर. त्याचा फोन आला तेव्हा तो पहिल्यांदाच मला 'तुम्ही' म्हणाला.

रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी, भेटलो. वहिनीही आल्या होत्या. एका एजंटकडून त्याला उत्तरेकडचं काम मिळत होतं, जवळपास मी केलेलंच.

"नेटवर काय वाट्टेल ते लिहितात," तो म्हणाला. "म्हटलं, आपला माणूस दोन वर्षं राहून आलाय, त्यालाच विचारू. तुम्ही सांगाल ते फायनल."

मी म्हणालो, "पगार तर तुम्हाला कळलाच असेल. काम सोपं आहे."

वहिनी इतका वेळ चमचा फिरवत होत्या. त्या म्हणाल्या, "थंडीचं काय हो, भाऊजी? ह्यांच्या बोटांचं तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. बाहेरच्या इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तीन वर्षं त्या बोटांच्या वाटचं टायपिंग मी केलं होतं.

"वहिनी, कॅम्पमध्ये हीटर इतका असतो की मी बनियनवर बसायचो. आमच्या जुन्या ऑफिसपेक्षा गरम."

"आणि बाहेर?"

"बाहेर जातंय कोण?"

तो मोठ्याने हसला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" कोपीचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

मी सायकलवर परत निघालो तेव्हा शीळ घालत होतो. त्याचं काही बरंवाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, हे खरं आहे, पण त्याचा आधार मी आता घेत नाही. त्यानेही बाथरूमचं दार लावून रडावं, नवव्या आठवड्यात परत यावं, आणि मग चार लोकांत काय सांगायचं ते शोधत बसावं, एवढं मला हवं होतं. त्याच्या बोटांचा विचार आला, तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी तो सुपरवायझरला सांगेल, ते त्याला आतलं काम देतील. न सांगायला काय झालं?

नऊ आठवडे झाले, तो परत आला नाही. मला राग आला. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे फोटो यायचे, बर्फात उभा, फक्त डोळे दिसताहेत. खाली लिहिलेलं, 'काम असं काही नाहीच. ऐकलं होतं तसंच.' लोक खाली शाबासकीचे अंगठे टाकायचे. मी तो फोटो मोठा करून बघायचो. पापण्यांवर बर्फ होता. हा खोटं बोलतोय, हे त्या ग्रुपवर मला एकट्याला कळत होतं, कारण ते खोटं माझंच होतं, शब्दाला शब्द.

पाचव्या महिन्यात वहिनींचा मेसेज आला. गेज बदलताना त्याने हातमोजा काढला होता. तिथे सगळेच मिनिटभर काढतात. त्याच्या बोटांना ते मिनिट झेपलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून काढावी लागली.

मी मेसेज तीनदा वाचला. मग खाली लिहिलं, 'काळजी घ्या. काही लागलं तर सांगा.'

तो सिंगापूरला परत आला. वहिनींना मधल्या काळात इथे नोकरी लागली होती आणि आता तो त्यांच्या पासवर होता. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. 'पासजावई.' बोटं गेलेली माहीत असूनही आधी तो शब्द आला, आणि त्यासोबत आनंद. चार महिने मी त्याला भेटायला गेलो नाही. गणपतीचं बोलावणं आलं तेव्हा गेलो, आणि तो शब्द सोबत घेऊन गेलो. कधी, कुणासमोर म्हणायचा तेही एमआरटीत ठरवून ठेवलं होतं.

बाहेरच्या खोलीत माणसं होती. तो आत ओट्याशी होता. मी दारात उभा राहिलो. मोदक तोच करत होता. डाव्या हाताने पारी धरायची आणि उजव्या अंगठ्याने, उरलेल्या बोटांनी कळी चिमटायची. कळी उभी राहायची आणि पडायची. ताटात सात-आठ मोदक होते, तोंडं उघडी, सारण दिसणारे.

"या," तो मान न वळवता म्हणाला. "मी आता तुमच्याच पार्टीत. पासजावई."

म्हणजे त्याच्या लक्षात होतं. इतकी वर्षं मी जपलेला शब्द त्याने स्वतःच उचलून ओट्यावर ठेवला. 

"या वर्षी अकराच कळ्या," तो म्हणाला. "मंदी आहे."

मी हसलो नाही. मग त्याने हात पुसले आणि आवाज खाली आणला.

"एक विचारू? तुम्ही दोन वर्षं कशी काढलीत हो तिथे? मला पहिल्या आठवड्यातच पळून यावंसं वाटत होतं. बोटं रोज पांढरी पडायची. पण सुपरवायझरला सांगायची लाज वाटली. म्हटलं, हा माणूस सोपं आहे म्हणाला, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. याला जमलं आणि आपण आठवड्यात रडायचं? मी तुम्हाला उगाच स्लो म्हणालो होतो. मला सारखं तेच आठवायचं."

गॅसवर मोदकपात्राची वाफ येत होती. बाहेर कुणीतरी आरतीची ताटली शोधत होतं.

त्याने माझ्याशी जे केलं त्याची माफी त्याने अजून धड मागितलेली नाही. त्या वाक्यात ती होती असं बायको म्हणते. मला ती पुरेशी वाटत नाही, आणि पासजावई हा शब्द मला अजूनही टोचतो. पण त्याचं आणि माझं समसमान झालं, असं त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून मला स्वतःला सांगता येईना. त्याने माझी नोकरी घालवली होती आणि मला नोकरी पुन्हा मिळाली होती.

मी वहिनींना आत बोलावलं, कारण खरा प्रश्न त्यांनी विचारला होता. त्या आल्या, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मी दोघांकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, पण ताटातल्या मोदकांकडे बघत बोललो.

"मी दोन वर्षं नव्हतो तिथे. नऊ आठवडे होतो. रडलो आणि खोटं कारण सांगून पळून आलो. बाहेर जावं लागतं, रोज जावं लागतं, आणि मोजा काढावाच लागतो. वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा मला ह्यांची बोटं माहीत होती. मी विसरलो नव्हतो. मुद्दाम सांगितलं नाही. ह्यांना त्रास व्हावा म्हणून सांगितलं नाही. तुमच्यात काही कमी नव्हतं. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त टिकलात. माझं चुकलं. दोघांचीही माफी मागतो."