दोष कुणाबरोबर जातो

माझ्या धाकट्या दिराला, म्हणजे आमच्या भावजींना, सगळे 'अदलाबदल' म्हणतात. दिवा गेला की हा माणूस नवा दिवा आणत नाही, स्वयंपाकघरातला काढून तिथे लावतो. पेटला तर दिवा गेलेला, नाहीतर होल्डर. "जागा बदलायची वहिनी, आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं!" एकदा रडणारं पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरवून त्यांनी दोष आत्याचा ठरवला होता.

मी गाते आणि माझ्या कानातला आवाज भावजी सांभाळतात. कमरेला छोटा रिसीव्हर, कानात दोन बोंडं, त्यांतून माझंच गाणं मला ऐकू येतं. ते बिघडलं की सूर गेलाच. अठरा वर्षं आमचं दोघांचं पोट त्यांच्या कानांवर चाललंय.

परवा दुपारी स्टेजवर तालीम चालू असताना कानात खरखर सुरू झाली. मी आधीच तापलेली. सकाळी ते गाडी चालवत होते, मी शेजारून चार हाका मारल्या, तरी हे ढिम्म! "कानात बोळे घातलेत का?" म्हणून मी ओरडलेही होते.

"भावजी, माझ्या कानात कागद चुरगळताय का?"

त्यांनी बॅटरी बदलली. खरखर तशीच. चॅनल बदलला, थोडी कमी झाली. मग बघतात तर रिसीव्हरला आवाज पाठवणारा अँटेना मोठ्या एलईडी पडद्यामागे जाऊन बसलेला. तो मोकळ्यावर, माझ्यासमोर आणून ठेवला आणि दोन्ही कानांत आवाज लख्ख झाला. हुश्श!

"द्या, एकदा मीही ऐकतो." त्यांनी बोंडं कानात घातली. "डावं बंद आहे."

"काहीतरीच काय! आत्ता चालू होतं की."

सवयीप्रमाणे अदलाबदल झाली. डावं बोंड उजव्या कानात, उजवं डाव्या कानात. ते एकदम थांबले. पुन्हा बदललं. माझा रिसीव्हर काढून दुसरा लावला, पुन्हा बदललं.

"दोष बोंडाबरोबर जात नाही, वहिनी. जागेवरच राहतोय."

मला आधी कळेचना. मग सकाळ आठवली. गाडीत मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. अरे देवा, आणि मी त्यांना बोळे घातलेत का विचारलं!

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला," मी म्हटलं. "कार्यक्रम गेला चुलीत."

"जाऊ. आधी खात्री करू द्या." त्यांनी उजव्या कानात बोट घट्ट घातलं, डोळे मिटले आणि डावा कान माझ्याकडे केला. "बोला काहीतरी."

मी अगदी कानाला तोंड लावलं. "भावजी," म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. मग रडत रडत ओरडलेच, तेव्हा ढोलकीवाला उठून उभा राहिला.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "बोला ना वहिनी. मी ऐकतोय."