सव्वादोन एकरांत पाच म्हशी

तुंगार्लीच्या धरणाकडे चढणाऱ्या रस्त्याला लागून कस्तुराबाई ओव्हाळांचं घर आहे आणि घरामागं सव्वादोन एकर गवताळ रान. नवरा रेल्वेत गँगमन होता. तो रुळांवर, आणि घर, रान, म्हशी सगळं हिच्या अंगावर. लग्न होऊन आल्या तेव्हा अठराच्या होत्या, आता साठी उलटलीय. मधली सगळी वर्षं दिवस एकाच चालीनं गेला. पहाटे धारा काढायच्या, किटली घेऊन बंगल्यांवर दूध घालायचं, मग म्हशी सोडून मागच्या डोंगरावर जायचं. दुपारी म्हशी करवंदीच्या जाळीला टेकल्या की कस्तुराबाईही टेकायच्या. नवरा वारला तेव्हा पाचव्या दिवशी त्या डोंगरावर होत्या, कारण गोठ्यात म्हशी रेकत होत्या आणि त्यांना कुणी सोडत नव्हतं.

आजूबाजूची रानं एकेक करून विकली गेली. यांचं राहिलं, कारण ते वतनाचं. विकायचं तर सरकारी परवानगी लागते, आणि त्या कागदांमागं फिरायला ना नवऱ्याला सवड झाली, ना मुलाला. कस्तुराबाईंना तर विकायचंच नव्हतं. पण त्यांचं रान आणि डोंगर यांच्या मधला पट्टा एका बंगलो स्कीमनं घेतला. दोन वर्षांपूर्वी, शिमगा होऊन आठवडा झाला असेल, त्या म्हशी घेऊन निघाल्या तर गाडीवाटेवर लोखंडी गेट आणि दोन्ही अंगांनी भिंत. गेटापाशी खुर्ची टाकून मारुती बसलेला. मारुती गावातलाच, लहानपणी यांच्या ओट्यावर ताक प्यायलेला.

"मारुती, उघड की."

"मावशी, जनावर आत घ्यायचं न्हाई असं सांगितलंय मला."

"मी आत कुटं येतीय? मी पल्याड चाललीय."

"पल्याड जायाला आतूनच जावं लागतंय न्हवं," मारुती म्हणाला, आणि हातातल्या वहीकडं बघत राहिला.

कस्तुराबाई तासभर तिथंच उभ्या राहिल्या. मग म्हशी मागं वळवल्या.

वहिवाटीची वाट अडवली म्हणून त्यांनी वडगावला तहसीलदारांकडे अर्ज दिला. तारखा पडू लागल्या. इकडं पाच म्हशी आणि सव्वादोन एकर. पुढच्या अंगाला रस्ता, त्यावर शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग. तिकडं म्हैस सोडायची सोय नाही. कस्तुराबाई म्हशींना दावी लावून खुंट्याला बांधायच्या आणि दर दोन तासांनी खुंटे उपटून पुढं ठोकायच्या. गुडघे बोलायला लागले. एकदा भुरी, सगळ्यांत म्हातारी म्हैस, दाव्यात पाय अडकून पडली ती दुपारपर्यंत उठली नाही. आणि गवत तर खाण्यापेक्षा तुडवलंच जास्त जायचं.

मुलगा राजेंद्र वराळ्याला कंपनीत आहे, तिथंच फ्लॅट घेतलाय. तो म्हणाला, "आई, म्हशी काढून टाक. चल माझ्याकडं."

"तितं करू काय मी?"

"काही करू नकोस. बस."

"कुटं बसू? गॅलरीत?"

राजेंद्र एकटाच वराळ्याला परत गेला.

भुरीचा पाय बघायला जनावरांच्या दवाखान्यातल्या शुभदा मॅडम आल्या होत्या, त्यांनी वाट सुचवली. रानाचे आठ पट्टे करा, एका पट्ट्यात चरू द्या, तोवर बाकीचे वाढतात. पट्टा अडवायला झटका मशीनची तार लावा, ती टक करून क्षणभर झटका देते आणि सोडते, रोज उचलून पुढं नेता येते. हे ऐकून पुतण्या कैलास, जो वायरिंगची कामं करतो, म्हणाला, "मशीन कशाला? काकी, मी लाइटीवरनं सरळ तार वढून देतो."

"नको," कस्तुराबाई म्हणाल्या. पूर्वी एकदा वादळात तुटलेल्या लाइनीला चिकटलेला बैल त्यांनी पाहिला होता. लोक बांबू घेऊन धावेपर्यंत तो सुटला नव्हता. "धरून ठिवनारी तार मला नको."

म्हणून आषाढात एका बुधवारी त्या राजेंद्रबरोबर तळेगावला मशीनच्या दुकानात गेल्या. दुकानदार सुहास तिशीतला, बोलायला चटपटीत. त्यानं सर्वांत आधी सोलरचं मशीन पुढं ठेवलं. वर काच, खाली बॅटरी. "हेच घ्या मावशी. सगळा मावळ हेच नेतो. उन्हावर चालतं, बघायलाच नको."

"आमच्याकडं चार महिने ऊन दिसत न्हाई, भाऊ. गवत असतंय ते त्याच चार महिन्यांत."

सुहास हसला आणि सोलर उचलून मागं ठेवलं. मग घरच्या लाइटीवर चार्ज होणाऱ्या बॅटरीचं मशीन काढलं, पण ते रानडुकरांसाठीचं, दहा एकराला पुरणारं. कस्तुराबाईंनी विचारलं, म्हशीला इतकं कशाला? म्हैस काही पळून जाणारी नाही, तिला नुसतं कळलं पाहिजे. मग छोटं निघालं. पोलादी तारेऐवजी त्यांनी दोरीसारखी, आत बारीक तारा विणलेली पॉलीवायर घेतली, कारण ती फिरकीवर गुंडाळता येते. तार किती उंचीवर, म्हणून सुहासनं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या मांडीवर हात ठेवून दाखवलं: म्हशीचं नाक चरताना वर उठतं ते इथवर.

"अर्थिंगच्या सळया मात्र तीन फूट आत जायला हव्यात," सुहास म्हणाला. "जमीन कशी आहे?"

"दीड फुटावर कातळ."

"मग झटका बसणार नाही."

राजेंद्रनं घड्याळात पाहिलं. "गोठ्याचं पानी जातंय त्या वळणाला माती खोल हाय," त्या म्हणाल्या. "आनि तितं बारा महिने वल असती." सुहासनं मान डोलावली आणि सळया बांधून दिल्या. निघताना म्हणाला, "तारेला गवत लागू देऊ नका मावशी. गवत लागलं की सगळा झटका जमिनीत जातो."

तार जोडून झाली तेव्हा म्हशी सोडण्याआधी कस्तुराबाईंनी स्वतः बोट लावलं. खांद्यापर्यंत दणका बसला. राजेंद्र ओरडला. "म्हशीला किती लागतंय ते मला कळाया नको?" त्या म्हणाल्या आणि दंड चोळत बसल्या.

मशीननं काम केलं. दोन दिवसांत म्हशींना कळलं. पहिल्यांदा पट्टा बदलताना त्या जुन्या तारेच्या जागी अडून राहिल्या, तर कस्तुराबाईंनी भुरीचा कासरा धरून तिला पलीकडं नेलं, आणि मग बाकीच्या आल्या. गवत पुरायला लागलं, दूध वाढलं. खुंटे ठोकणं सुटलं. पण विळा घेऊन तारेखालचं गवत कापणं मागं लागलं, आणि मशीनची टक-टक. ती टक-टक घरात ऐकू यायची. थांबली की हातातलं टाकून धावायचं, नाहीतर म्हशी रस्त्यावर. कामशेतला बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी त्यांना जाता आलं नाही. फोनवर बोलता बोलता मधेच थांबायच्या. बहीण विचारायची, "काय गं?" तर म्हणायच्या, "काय न्हाई, ऐकत हुते."

दुसऱ्या वर्षी दिवाळी उलटल्यावर तहसीलदारांचा आदेश आला. वाट मान्य. स्कीमच्या लोकांनी वर अपील करण्याची भाषा केली, मग राजेंद्रनं आणि त्यांच्या सेक्रेटरींनी बसून तोडगा काढला: गेट रोज आठ ते अकरा उघडं. कस्तुराबाईंना कुणी विचारलं नाही. राजेंद्र म्हणाला, "आई, मिळतंय तेवढं घे."

पहिल्या दिवशी मारुतीनं वही पुढं केली. "मावशी, लिवावं लागतंय. हितं विचारलंय, कुनाकडं चाललाय."

"डोंगराकडं लिव."

त्यानं तसंच लिहिलं.

वर पोचायला पाऊण तास लागला. गवत कमरेएवढं माजलं होतं, खालून वाळत आलेलं. म्हशी आधी नुसत्याच उभ्या राहिल्या, वारा घेत. मग माना खाली घातल्या. कस्तुराबाई करवंदीपाशी बसल्या, पण फोन हातातच होता. धरणाकडं बघावं म्हटलं तर डोळा फोनवरच्या घड्याळावर. दोन वर्षं जिच्यासाठी त्या वडगावच्या पायऱ्या चढल्या होत्या ती जागा हीच होती, आणि इथं त्यांना बसता येत नव्हतं.

फोन वाजला. "मावशी, सव्वाधा झालं. निघा आता. सेक्रेटरी सायेब गेटावरच हायेत."

त्यांनी हाक दिली. चार म्हशी वळल्या, भुरी हलली नाही. पुन्हा हाक दिली. भुरीनं कान हलवला आणि चरत राहिली. तेव्हा कस्तुराबाईंनी काठी उचलली आणि तिच्या पाठीवर मारली. एकदा, आणि मग आणखी एकदा, जोरात. आजवर त्यांनी तिच्यावर काठी उगारली होती, मारली कधी नव्हती. भुरी उतरायला लागली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना मारुतीनं वेळ लिहिली आणि गेट ओढून घेतलं. कस्तुराबाईंनी म्हशी पट्ट्यात घातल्या, तार अडकवली, मशीन चालू केलं. म्हशी जिथं शिरल्या तिथंच उभ्या होत्या, चरत नव्हत्या. घरात जाऊन त्यांनी खोबरेलाची बाटली आणली. भुरीच्या पाठीवर दोन वळ उठले होते. मशीन बंद करायला पुन्हा गोठ्यापर्यंत जायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. पदर गच्च आवळून, हात-गुडघे जमिनीवर टेकून त्या चालू तारेखालून रांगत भुरीकडं गेल्या.